घमेल्याखालची मोटर

गावाचं नाव इथं नको. काष्टीच्या आठवडे बाजाराला जी जीप माणसांनी आणि शेळ्यांनी गच्च भरून जाते, तिच्यातली निम्मी गर्दी या गावची असते, एवढं पुरे आहे.

या गावात गोजरबाईला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. तिची ओळख शेतीवाडीवरून नाही, मुलाच्या नोकरीवरून नाही, तर पाण्यावरून. घरोघरी नळ यायच्या आधी अख्खी खालची आळी चौकातल्या एका तोटीवर पाणी भरायची. तोटी एक, धार करंगळीएवढी आणि हंड्यांची रांग पार देवळापर्यंत. बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि त्या गोंधळात अर्धं पाणी मातीत जायचं. ऐन तारुण्यात नवरा गेलेली गोजरबाई एक दिवस पदर खोचून तोटीशेजारच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "आजपून नंबर मी लावनार. जिला पटत न्हाई तिनं नदीला जावं." नदी कोरडी होती. तेव्हा सगळ्यांना पटलं.

तिला कोणी नेमलं नव्हतं, पण ती दगडावर बसली की तोटीवर चिडीचूप. बाळंतीण आधी, म्हातारं माणूस आधी, बाकी जिचा हंडा जिथं तिचा नंबर तिथं. तेव्हाच्या सरपंचाच्या बायकोनं गड्याकरवी हंडा मध्येच घुसवला, तर गोजरबाईनं तो उचलून रांगेच्या पार टोकाला नेऊन ठेवला. तो किस्सा गाव अजून चवीनं सांगतं. मुबारकबी या आळीत नवी नवरी म्हणून आली, तेव्हा कुणीतरी तिचा हंडा पायानं बाजूला सारला होता. गोजरबाई कडाडली, "हितं नंबर चालतो, आडनाव न्हाई चालत!" त्या दिवसापासून दोघींचं सूत जुळलं. एकीनं आपली लेकरं दुसरीच्या अंगणात सोडून खुशाल खुरपायला जावं, इतकं.

अशा बाईच्या घरात चोरटी मोटर आहे असं कोणी म्हटलं असतं, तर गावानं म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण मोटर होती.

झालं असं, की घरोघरी नळ आले आणि रांग संपली. रांगेबरोबर गोजरबाईचा दगडही रिकामा झाला. पाणी एक दिवसाआड यायचं, तेही थोडा वेळ आणि रडतखडत. वरच्या आळीतल्या हुशार मंडळींनी लगेच नळाला टिल्लू लावले. टिल्लू म्हणजे तळहातावर मावेल एवढी मोटर, पण नळाला जोडली की दहा घरांचं पाणी एकटी ओढून घेते. पाणी सोडणारा रामहरी दारोदार सांगत फिरला, "बाबांनो, लाईन जुनी हाय, जागोजाग चिरलीय. मोटर वढती तवा चिरेतनं गटारीचं पानी आत शिरतं. खालच्या घरास्नी त्येच प्यावं लागतं." तेव्हा त्याच्या बाजूनं सगळ्यात मोठा आवाज गोजरबाईचा. खालच्या आळीत एकानं टिल्लू आणला, तर तिनं त्याच्या दारात उभं राहून असा उद्धार केला, की बापड्यानं तो तसाच परत नेऊन दिला. तिच्या धाकानं खालच्या आळीत मोटर राहिली नाही.

मग तिचे गुडघे गेले. बसता येईना, उठता येईना. मुलगा मच्छिंद्र एक दिवस पिशवीतून टिल्लू घेऊन आला. "आई, धार धरून किती येळ बसशील? कोनाला कळतंय?" तिनं त्याला फैलावर घेतलं. पण पाहुणे यायचे होते, हौद कोरडा होता, तेव्हा म्हणाली, "बरं, आजच्या दिस लाव." पुढच्या पाण्याच्या दिवशी तिनं काहीच म्हटलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी तिनं स्वतः बटण दाबलं. वरून घमेलं पालथं घातलं, घमेल्यावर ओलं पोतं टाकलं, म्हणजे आवाज बाहेर जायला नको.

मोटर सुरू झाली की पहिली बादली गढूळ यायची. वासही यायचा. ती बादली गोजरबाई मुकाट्यानं मोरीत ओतायची. का ओतायची, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. घरात प्यायला विकतचं जारचं पाणी होतं. रामहरीचं बोलणं तिला शब्द न् शब्द पाठ होतं, आणि तरी ती बटण दाबत होती. एवढं मात्र खरं, की तेव्हापासून रामहरी समोरून आला की ती आत जायची. लाज वाटायची तिला. पण ती लाज अशी, की तिच्यासकट जगता येत होतं.

त्या वर्षी शाळेतल्या जया मॅडमनी नववीच्या पोरांची एक टोळी उभी केली. पोरांनी स्वतःच तिचं नाव ठेवलं, 'पाणीराखे'. मॅडमनी त्यांना काचेच्या छोट्या बाटल्या आणून दिल्या. त्यात औषध असायचं. नळाचं पाणी भरून बाटली शाळेच्या कपाटात ठेवायची. एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाणी पिण्यालायक नाही. गाव आधी हसलं. "परीक्षेत नापास आन् पान्याची परीक्षा घ्यायला निघाले," असं पारावरच्या लोकांनी म्हणून घेतलं. पण पोरं चिवट. रविवार नाही, सुट्टी नाही, पाण्याच्या दिवशी बाटल्या घेऊन हजर. टोळीचा म्होरक्या ओंकार, आणि त्याच्या तोडीच्या दोन पोरी: गोजरबाईची नात दिशा आणि मुबारकबीची नात मेहविश. दोघी एका बाकावर बसायच्या. दिशा तर गावभर सांगायची, "माझी आजी पहिली पाणीराखी. आमी नंतरचे." गोजरबाईला ते ऐकू आलं की ती विषय बदलायची.

पावसाळा सरता सरता मेहविशचा धाकटा भाऊ परवेझ आजारी पडला. चार वर्षांचं पोर, हगवणीनं चिपाड झालं. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून ठेवलं. मग आळीतली आणखी दोन लेकरं. खालच्या टोकाच्या बाटल्या पोरांनी कपाटातून काढल्या, तर काजळासारख्या काळ्या.

पोरं बाटल्या घेऊन थेट गोजरबाईच्या ओट्यावर आली. पाण्यातलं तिच्याइतकं गावात कोणाला कळतंय? ओंकारनं विचारलं, "आजी, टाकीतलं पानी चांगलं हाय, वरची बाटली साफ हाय. मग घान शिरती कुठनं?"

घमेलं तिच्या पाठीमागं होतं, उंबऱ्याच्या आत. दिशा समोर उभी होती, डोळ्यांत एवढा विश्वास घेऊन, की गोजरबाईला तिच्याकडं बघवेना. काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि गावाचं बोट अशा वेळी जिकडं चटकन वळतं, तिकडंच तिचंही वळलं.

"खाली पीरमहंमदच्या शेळ्या हायेत न्हवं," ती म्हणाली. "लेंड्यामुताचं सगळं गटारीत जातं. लाईन तिथनंच गेलीय. दुसरं काय असनार?"

पीरमहंमद मेहविशचा बाप, आणि मेहविश तिथंच होती. तिनं हातातल्या बाटलीकडं पाहिलं, आणि ओशाळून म्हणाली, "व्हय, आमच्या शेळ्या गटारीला लागूनच बांदतो आमी."

पोरं तरी पुरी शहाणी. ओंकार म्हणाला, "तरी आजी, तुमच्या नळाची बाटली भरून द्या. तुमची साफ निगाली तर घान तुमच्या खालीच शिरती, हे पक्कं हुईल." गोजरबाई बाटली घेऊन आत गेली. आत नळ होता आणि जारही होता. तिनं बाटली जारखाली धरली.

ती बाटली स्वच्छ निघाली, हे सांगायला नको.

पुढचं सगळं भराभर घडलं. पोरांनी काही वाईट हेतूनं केलं नाही. त्यांनी पंचायतीला सांगितलं, पंचायतीनं पीरमहंमदला सांगितलं, आणि पारावरच्या लोकांनी जे बोलायचं नव्हतं तेही बोलून घेतलं. पीरमहंमद तोंडातून शब्द न काढणारा माणूस. त्यानं दुसऱ्या कुणाला दोष दिला नाही. बाजाराच्या दिवशी सगळ्या शेळ्या जीपमध्ये घातल्या, काष्टीला नेल्या आणि रिकाम्या दोऱ्या खांद्यावर टाकून परत आला. त्याच्या घरची मीठमिरची त्या शेळ्यांवरच चालायची.

त्याच संध्याकाळी मुबारकबी गोजरबाईच्या दारात आली. परवेझ घरी आला होता, पण अजून उभा राहिला की लटपटत होता. मुबारकबी उंबऱ्याशी टेकली. आत ये म्हटलं तरी येईना.

"गोजराक्का, माफ कर गं," ती म्हणाली. "आमच्या घानीपायी आळीतली लेकरं आजारी पडली. तुज्या घरात बी लेकरू हाय. मी रोज गटार झाडीत हुते, पर..." तिला पुढं बोलता येईना. पदर तोंडाला लावून म्हणाली, "माज्या परवेझला मीच आजारी पाडलं. ह्या हातानं पानी पाजीत हुते त्येला."

या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं गोजरबाईनं. तिच्या मनात एकच आलं: आता सांगितलं तर दिशाला कळेल. बाकी काही नाही, दिशाला कळेल. आणि तिनं मुबारकबीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे. हुतं माणसाकडनं."

वर तिला चहा करून दिला. मुबारकबीनं तो डोळे पुसत पुसत घेतला आणि जाताना म्हणाली, "तुजं मन लई मोठं हाय, आक्का."

त्या रात्री गोजरबाईनं ताट तसंच परत सारलं. आजवरची लाज अंगावरच्या मळासारखी होती, धुतली की जाईल अशी. ही तशी नव्हती. तिनं आपल्या पापाची माफी दुसरीला मागायला लावली होती, आणि वर ती उदारपणे दिलीही होती. मोटर काढून फेकावी असं तिला हजारदा वाटलं. पण काढली तर मच्छिंद्र विचारणार, सून विचारणार, का काढली? पाण्याचा दिवस आला, हौद रिकामा होता, आणि तिचं बोट बटणावर गेलं. स्वतःच्या बोटाकडं ती परक्याच्या बोटाकडं पाहावं तशी पाहत राहिली.

शेळ्या गेल्या, गटार धुतली, तरी बाटल्या काळ्याच. पोरं चक्रावली. तेवढ्यात खालच्या आळीला वीज देणारी डीपी जळाली. नवी डीपी मिळायची म्हणजे इंजिनिअरच्या मागं हेलपाटे, तोवर अख्खी आळी अंधारात. टाकी भरणारी मोटर मात्र विहिरीवरच्या दुसऱ्या डीपीवर, त्यामुळं नळाला पाणी येत राहिलं. पोरांनी नेमानं बाटल्या भरल्या. आणि काय नवल, सगळ्याच्या सगळ्या साफ.

ओंकार दोन दिवस डोकं खाजवत होता. मग शाळेत ओरडलाच, "लाईट न्हाई तर घान न्हाई! मंजी आळीत कोनाची तरी मोटर हाय!"

दिशा त्या दिवशी घरी आली आणि तिची नजर घमेल्यावरच्या पोत्यावर गेली. ती जेवली नाही. लाईट आली, पाण्याचा दिवस उजाडला. गोजरबाईनं बटण दाबलं आणि मागं वळली, तर दिशा दारात उभी. पोरीनं पुढं होऊन पोतं बाजूला केलं, घमेलं उचललं. मोटर नाकात बोलणाऱ्या माणसासारखी गुणगुणत होती.

दिशानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, मेहविशच्या दादीला मी सांगितलं, तुमच्या शेळ्यांमुळं झालं म्हणून. मी सांगितलं. माज्या तोंडानं."

गोजरबाईनं बटण बंद केलं. खाली बसावं म्हणून भिंतीला हात लावला, पण गुडघे वाकेनात.

"उद्या सांजच्याला शाळेत सगळ्यांना बोलावलंय," दिशा म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, कोनाचं नाव घ्यायचं न्हाई, ज्येचं त्येनं सांगावं. तू सांगतीस का मी सांगू?"

"मी सांगते."

"सगळं?"

"सगळं," गोजरबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात अख्खी आळी जमली. सरपंच काकासाहेब खुर्चीवर, जया मॅडम त्यांच्या शेजारी, पोरं एका बाजूला ओळीनं उभी. ओंकारनं काळ्या बाटल्या आणि साफ बाटल्या टेबलावर मांडल्या आणि लाईटचं सगळं गणित उलगडून सांगितलं. शेवटी म्हणाला, "आमाला कोनाला पकडायचं न्हाई. फकस्त मोटर काढा." पटांगणात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागले. पुढच्याच सतरंजीवर मुबारकबी बसली होती, मांडीवर परवेझ.

गोजरबाई उठली. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या, अगदी पूर्वी तोटीवर वळायच्या तशाच. लोकांना वाटलं, आता ही चोराला फाडून खाणार.

"मोटर माज्या घरात हाय," ती म्हणाली.

तिनं पुढं बोलायला तोंड उघडलं, आणि समोर एवढी माणसं, एवढी वर्षं तिच्या शब्दाला मान देणारी. तिच्या तोंडून जे बाहेर आलं ते असं: "गुडघ्यापायी लावली. पर ह्यानं असं हुतं, लेकरं आजारी पडत्यात, हे मला अडानी बाईला ठावं नव्हतं. ह्या पोरांनी डोळं उघडलं माजं. मी गावाची गुन्हेगार हाय."

मग काकासाहेब खुर्चीतून उठले. "बघा! ह्याला मन्त्यात मोठेपना!" ते म्हणाले. "भर सभेत चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. गोजरबाई, तुमी तवाबी गावाची शान हुता आन् आज बी हायसा." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मागून सगळ्यांनी. वरच्या आळीतल्या दोघांनी तर तिथंच उठून आपापल्या मोटरी काढायचं कबूल केलं. जया मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोजरबाई त्या टाळ्यांत उभी होती. थोबाडीत बसत असाव्यात तशा त्या तिच्या कानांवर पडत होत्या. पाणी सोडणारा रामहरी मागं भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता. त्यानं स्वतः तिला किती वेळा समजावलं होतं, हे त्याला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. ओळीतल्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या. दिशानं मात्र नाही. तिचे हात खाली लोंबत होते, आणि ती आजीकडं बघतही नव्हती.

टाळ्या थांबल्यावर मुबारकबी उठली. परवेझला तिनं कडेवर घेतलं. आवाज चढवला नाही, पण पटांगणात सगळ्यांना ऐकू गेलं.

"आक्का, एक इचारू? मी तुज्या दारात माफी मागाया आल्ते, तवा तुला ठावं हुतं का नव्हतं?"

"नव्हतं" म्हणणं किती सोपं होतं. आत्ताच तर सगळ्या गावानं ते ऐकलं होतं आणि त्यावर टाळ्याही दिल्या होत्या. काकासाहेब मध्येच म्हणाले, "आता जाऊ द्या ना मुबारकबी, त्यांनी सांगितलं की, त्यांना कल्पना नव्हती." गोजरबाईनं पोरांच्या ओळीकडं पाहिलं. आता दिशानं मान वर केली होती. तिच्या शेजारी मेहविश उभी होती.

"ठावं हुतं," गोजरबाई म्हणाली.

मुबारकबीनं परवेझला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"रामहरीनं सांगितलं हुतं. पयलं पानी घान येतं ते मी डोळ्यानं बगत हुते. पोरांची बाटली बी मी जारच्या पान्यानं भरून दिली. तुज्या शेळ्यांकडं बोट दाखवलं ते मीच. आन् तू आलीस तवा..." तिला 'असू दे' हे शब्द उच्चारवेनात. "तवा बी ठावं हुतं."

आता टाळी कुठून येणार? काकासाहेब खुर्चीत बसले आणि पायातली चप्पल न्याहाळू लागले. मागं कोणीतरी खाकरलं. गोजरबाईला वाटलं, मुबारकबीनं आता शिव्या द्याव्यात, पोराला खाली ठेवून दोन थोबाडीत माराव्यात, तोटीवर बायका एकमेकींना घालायच्या तसलं काहीबाही बोलावं. तेवढं झालं असतं तरी तिला उभं राहायला आधार मिळाला असता.

मुबारकबीनं परवेझचं टोपडं नीट केलं. गोजरबाईकडं एकदा पाहिलं, ओळख नसलेल्या बाईकडं बघावं तसं.

"उद्या पानी येनार हाय," ती म्हणाली. "त्येच्या आदी तेवढी मोटर काडा, बाई." आणि सतरंजीवरच्या माणसांमधून वाट काढत ती पोराला घेऊन घरी गेली.